कौल लावण्याआधी प्रश्न नीट बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवण तालुक्यात मूळ घर, चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतींचं, पावसाळ्यात गळतं. भाऊ तीन, दोघे मुंबईला आणि एक पुण्याला. थोरल्याचं म्हणणं दुरुस्त करू, मधल्याचं म्हणणं पाडून नवीन बांधू, धाकटा म्हणतो गावच्या देवाला कौल लावू, म्हणजे देवालाच हो की नाही ते विचारू, आणि देव सांगेल ते करू. तर कौल लावायचा कसा, विचारायचं काय, डावा म्हणजे नकाराचा कौल आला तर काय करायचं, गावी जाणं जमलं नाही तर घरच्या देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या तर चालेल का, आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतही देवाला असंच विचारत जावं का?

कौल जरूर लावा. मात्र कौलाचं निम्मं काम देवळात जाण्याआधी घरीच होतं. देव देतो ते उत्तर एका शब्दाचं, हो किंवा नाही. त्या एका शब्दाला अर्थ येईल असा प्रश्न बांधणं हे विचारणाऱ्याचं काम. लोक इथेच घाई करतात आणि मग ‘कौल काही पटला नाही’ म्हणत परत येतात.

ज्यांनी कौल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या बऱ्याच भागात याला कौल लावणं म्हणतात, गोव्यात प्रसाद घेणं किंवा पाकळी लावणं. गुरव किंवा पुजारी देवाच्या मूर्तीवर अथवा पाषाणावर ठरलेल्या जागी फुलाच्या पाकळ्या, कळ्या, कुठे पानं तर कुठे तांदळाचे दाणे पाण्यात भिजवून चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे तुमचं म्हणणं मोठ्याने देवाच्या कानावर घालतो, आणि सगळे वाट पाहत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. कुठे पहिली पडलेली पाकळी धरतात, कुठे दोन्ही बाजूंच्या मोजतात. पाकळ्या किती, कोणत्या फुलाच्या, देवाच्या कोणत्या अंगावर लावायच्या, हे प्रत्येक देवळाच्या वहिवाटीप्रमाणे ठरलेलं असतं. शेजारच्या गावात पाहिलेली रीत आपल्या गावात लागू होईल असं धरून चालू नका.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट म्हणजे उजवी बाजू कोणाची. बहुतेक ठिकाणी ती देवाची उजवी धरतात. म्हणजे समोर बसलेल्या तुमची डावी. गर्दीत मागे बसलेला एक भाऊ आनंदाने मान डोलावतोय आणि दुसरा कपाळाला हात लावून बसलाय, असा प्रकार यातूनच होतो. गाऱ्हाणं सुरू होण्याआधी गुरवाला सरळ विचारा, ‘उजवा म्हणजे हा हात ना?’ आणि तिघांनीही ते ऐकू द्या.

गावं स्वतः कौलाला काय विचारत आली आहेत ते पाहिलं की चांगला प्रश्न कसा असतो ते आपोआप कळतं. मसुरे गावातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. म्हणून 2023 साली जत्रा 4 फेब्रुवारीला झाली आणि 2024 साली 2 मार्चला. मालवण तालुक्यातल्याच आचरा गावची गावपळण तशीच. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतो, आणि परत यायचं तेही कौल घेऊनच. कौल झाला नाही तर मुक्काम वाढतो. या दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट सारखी आहे. जत्रा या शनिवारी झाली काय आणि पुढच्या आठवड्यात झाली काय, गावाचं काही बिघडत नाही. पण माणसांनी बसून तारीख ठरवायची म्हटली तर कोणाचं तरी वर्चस्व होतं आणि कोणाला तरी राग येतो. कौलाने ठरली की कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. जिथे दोन्ही उत्तरं पेलण्यासारखी आहेत आणि माणसांचं एकमत होत नाही, तिथे कौल उत्तम चालतो. जिथे एक उत्तर आलं तर ते पाळणं शक्यच नाही, तिथे कौल लावणं म्हणजे देवाची आणि स्वतःची फसवणूक.

आता तुमच्या घराकडे येऊ. आज तुमच्या मनात प्रश्न आहे तो असा: ‘दुरुस्त करू की पाडून बांधू?’ हा प्रश्न देवापुढे ठेवताच येत नाही. उजवा आला तर काय, दुरुस्ती की पाडणं? कौलाला ‘की’ चालत नाही. शेवटी ‘का’ असलेला आणि एकाच क्रियापदाचा प्रश्न लागतो.

तो तयार करायला आधी कागदावर काम करावं लागेल. गावातला जाणता गवंडी आणि एक सुतार घेऊन घर दाखवा. पाया खचलाय का, चिऱ्याच्या सांध्यातला माल निघालाय का, वासे आणि आढं वाळवीने खाल्लंय का, की नुसती कौलं फुटून पाणी येतंय. आढं पोखरलेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च कुठल्या कुठे जातो, आणि नुसती कौलं व रिपा बदलायच्या असतील तर पाडण्याची गोष्टच उरत नाही. अर्धे वाद इथेच मिटतात आणि देवाला त्रास द्यायची वेळ येत नाही. मग ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढा आणि जमिनीचा सातबारा पाहा. घरावर किंवा जमिनीवर चुलत्यांची, आत्यांची नावं असतील तर त्यांच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही. देवाचा उजवा कौल हा सहहिस्सेदाराच्या सहीला पर्याय नाही. त्यानंतर दोन्ही पर्यायांचा लेखी अंदाज घ्या आणि तिघांनी समोरासमोर एकमेकांना विचारा: यातला कोणताही झाला तरी माझा वाटा मी देऊ शकतो का? एकाला जरी नवीन बांधकामाचा वाटा परवडणार नसेल, तर तो पर्याय कौलाला लावायचाच नाही. कौल उजवा आला म्हणून त्याच्या खात्यात पैसे येणार नाहीत, आणि उद्या काम अडलं की दोष देवावर जाईल.

एवढं झाल्यावर उरेल तो खरा प्रश्न. समजा दोन्ही पर्याय पेलतात, कागद स्वच्छ आहेत आणि मतभेद तेवढा उरला आहे. मग प्रश्न असा लिहा:

‘येत्या दिवाळीनंतर जुन्या घराची दुरुस्ती आम्ही तिघांनी मिळून हाती घ्यावी का?’

यात काय काम (दुरुस्ती), कोणी (तिघांनी मिळून) आणि कधी (दिवाळीनंतर) हे तिन्ही आहे. मुदत मुद्दाम घातली आहे. कोकणात बांधकाम पाऊस संपल्यावर सुरू होऊन मे अखेर छप्पर झाकलं गेलं पाहिजे. बिनमुदतीच्या ‘हो’चा उपयोग नसतो, कारण तो हो पाच वर्षं तसाच पडून राहतो आणि मधल्या काळात परिस्थिती बदललेली असते.

काय लिहू नये तेही सांगतो. ‘घर बांधल्यावर सगळं सुरळीत होईल ना?’ हा प्रश्न नव्हे, ही देवाकडून घेतलेली हमी. ‘घराला काही दोष आहे का?’ याला उजवा आला तर पुढे कोणता दोष, कोणामुळे, किती नारळ, असा न संपणारा फेरा सुरू होतो. ‘थोरल्याचं बरोबर की मधल्याचं?’ हे तर भावाला देवळात उभं करून खोटं पाडणं झालं, मग कौल कोणताही येवो. माणसाचं नाव असलेला प्रश्न शक्यतो लावू नये.

तीन भाऊ आहात म्हणून आणखी एक काम. डावा आला तर काय करायचं ते निघण्याआधी ठरवा आणि प्रश्नाखाली लिहा. डाव्या कौलाचा अर्थ ‘उलट करा’ असा नसतो. दुरुस्तीला डावा आला म्हणजे पाडायला उजवा आला असं होत नाही. त्याचा अर्थ इतकाच, की विचारलं ते, विचारलं त्या वेळी, नको. मग तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे: ‘डावा आला तर यंदा ताडपत्री टाकून पावसाळा काढू आणि पुढच्या वर्षी नवीन बांधकामाचा प्रश्न लावू’ किंवा ‘डावा आला तर त्याच दिवशी दुसरा कौल नवीन बांधकामाचा लावू’. दुसऱ्या वेगळ्या प्रश्नाला कौल लावायला बहुतेक देवळांत हरकत नसते. तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा लावायला मात्र जाणता गुरव तयार होत नाही, आणि तो बरोबर असतो.

याचं गणित चिठ्ठ्यांवर सहज दिसतं. हो आणि नाही अशा दोन चिठ्ठ्या असल्या तर एका वेळी ‘हो’ येण्याची शक्यता निम्मी. ‘हो’ येईपर्यंत तीनदा काढायचं ठरवलं, तर आठातल्या सात वेळा तुम्हाला ‘हो’ मिळणारच. हा निर्णय देवाचा म्हणायचा? डावा पडल्याबरोबर ज्याला दुसरा कौल लावावासा वाटतो त्याचं मन आधीच ठरलेलं असतं, त्याने ते भावांना सरळ सांगावं. ते जास्त प्रामाणिक.

देवळातल्या तयारीबद्दल. आधी गुरवाला फोन करून दिवस विचारा. कौल सहसा सकाळी, पूजा झाल्यावर लावतात. काही देवळांत ठरावीक वार असतो, उत्सवाच्या दिवसांत कौल बंद असतो, आणि गुरवाच्या घरी सुतक असेल तर दुसरा माणूस असतो किंवा काम पुढे जातं. तुमच्या घरी सुतक किंवा सोयर असेल तर तेही आधी सांगा, मुंबईहून रात्रभर प्रवास करून परत फिरायला नको. सोबत नारळ, विड्याची पानं, सुपारी, फुलं आणि दक्षिणा. दक्षिणा देवळाच्या रिवाजाप्रमाणे. पावती फाडणारी समिती असेल तर पावती घ्या. प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या आणि गुरवाकडून एकदा वाचून घ्या, कारण गाऱ्हाण्यात तो आपल्या शब्दांत मांडणार आहे. तिथेच ‘तिघांनी’ आणि ‘दिवाळीनंतर’ गळून पडतं. चांगला गुरव ते असं गुंफतो:

‘बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां पोटापाण्यासाठी मुंबै-पुण्याक रवतत, पण मूळ घर हय आसा. त्या घराची दुरुस्ती येत्या दिवाळेनंतर तिगांनी मिळान हाती घेवची काय, ह्या तुका इचारतत. तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी. काय चुकला माकला आसात तर पदरात घे म्हाराजा.’

आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे ‘व्हय म्हाराजा’ गंमत म्हणून नाही. तिथे उभा असलेला प्रत्येक जण त्या वेळी ‘हा प्रश्न मलाही मान्य आहे’ असं बोलून दाखवत असतो. गप्प राहिलेला भाऊ पुढे ‘मला काही विचारलंच नव्हतं’ म्हणायला मोकळा राहतो, त्यामुळे त्याला पुढे बोलवा.

आता पाकळ्या. पाकळी दगडाला चिकटून राहते ती मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. पाणी सुकलं की पकड सुटते आणि पाकळी पडते. म्हणून काही गोष्टी आधीच पाहाव्यात. गाभाऱ्यात पंखा चालू असेल तर बंद करायला सांगा, हवेचा झोत ज्या बाजूला त्या बाजूचं पाणी आधी सुकतं. समई एका बाजूला फार जवळ असेल तर उष्णतेने तेच होतं. मूर्तीला किंवा पाषाणाला नुकतं तेल लावलं असेल तर पाणी धरतच नाही आणि पाकळ्या घसरतात. कळ्यांना देठ असेल तर जड बाजू लवकर पडते, तेव्हा दोन्हीकडच्या सारख्याच आकाराच्या असाव्यात. पाकळी लावताना गुरवाच्या हातातून एक जरा जास्त दाबली गेली, एक ओझरती लागली, असंही होतं. अनुभवी गुरव हे सगळं तुम्ही न सांगता पाळतो, आणि तुम्ही विचारलंत तर रागावत नाही. गाऱ्हाणं पुरं होण्याआधीच पाकळी पडली, किंवा दोन्हीकडच्या एकदम पडल्या, तर तो कौल धरत नाहीत आणि पुन्हा लावतात. बराच वेळ काहीच पडलं नाही तर त्याचा अर्थ त्या देवळात काय धरतात तेही आधीच विचारून ठेवा. कुठे ते ‘देव बोलत नाही, आज राहू द्या’ असं मानतात.

एवढं सगळं पाहायचं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे का, असं कोणी विचारेल. मला तसं वाटत नाही. कौल लावणाराच म्हणतो की पाकळी देवाच्या इच्छेने पडावी. मग पंख्याच्या इच्छेने ती पडणार नाही याची काळजी त्यानेच घ्यायला हवी.

तुळजापूरला तुळजाभवानीच्या देवळाच्या आवारातला चिंतामणी दगड अनेकांना माहीत असतो. गोल दगडावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर काम होईल, डावीकडे फिरला तर होणार नाही, स्थिर राहिला तर उशीर लागेल. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घेत असं परंपरा सांगते. इथे एक धोका पाकळीपेक्षा जास्त आहे. हात तुमचेच असतात. मनात ज्या उत्तराची ओढ आहे त्या दिशेला हाताचे स्नायू नकळत जोर देतात, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. म्हणून घरातल्या वादाचा प्रश्न इथे लावायचा असेल तर हात अशा माणसाने ठेवावेत ज्याला प्रश्न काय आहे हे माहीत नाही. ती तिसरी शक्यता, ‘उशीर लागेल’, मात्र मला फार आवडते. पुष्कळ घरगुती प्रश्नांचं खरं उत्तर तेच असतं.

गावी जाणं जमत नसेल तर घरी चिठ्ठ्या चालतात, पण त्याही नीट करा. एकाच कागदातून सारख्या मापाच्या तीन चिठ्ठ्या कापा. एकीवर ‘हो’, एकीवर ‘नाही’, तिसरी कोरी. कोरी म्हणजे आता विचारू नका. एकाच पेनाने लिहा, शाई मागून दिसणार नाही असा जाड कागद घ्या, घड्या सारख्या घाला. तांब्यात किंवा वाटीत टाकून हलवा, देवापुढे ठेवा, दिवा लावा, प्रश्न मोठ्याने वाचा. चिठ्ठी उचलायला घरातलं लहान मूल, ज्याला अजून वाचता येत नाही. उचललेली चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडा आणि मग उरलेल्या दोन्हीही उघडून दाखवा. ही शेवटची पायरी कोणी करत नाही, आणि तिघंही एका गावात नसताना ‘सगळ्याच चिठ्ठ्यांवर हो लिहिलं होतं’ असा संशय याच्या अभावीच येतो. भाऊ लांब असतील तर व्हिडिओ कॉल लावून करा. भावांत जमिनीचे तुकडे कोणाला कोणता हे ठरवायला चिठ्ठ्या टाकायची रीत जुनीच आहे आणि चांगली आहे. मात्र तुकडे आधी सगळ्यांच्या मते सारख्या किमतीचे पाडलेले हवेत, आणि चिठ्ठी निघाल्यावर वाटणीपत्र लिहून नोंदवायला हवं. नोंदणी झाली नाही तर पुढच्या पिढीला त्या चिठ्ठीची आठवण तेवढी उरते.

काही घरांत रामशलाका पाहतात. लोक विचारतात म्हणून तिच्याबद्दलही सांगतो. तुलसीदासांच्या रामचरितमानसातल्या नऊ चौपायांची अक्षरं 15 उभ्या आणि 15 आडव्या, म्हणजे 225 चौकोनांत विखुरलेली असतात. एका चौकोनावर बोट ठेवायचं आणि तिथून दर नववं अक्षर घेत गेलं की एक चौपाई तयार होते. नऊपैकी पाच उत्तरं अनुकूल आहेत. म्हणजे मुळातच पारडं थोडं ‘हो’कडे झुकलेलं आहे. मनाला धीर हवा असेल तेव्हा ती पाहावी. तीन भावांचा वाद तिथे नेऊ नये.

आता काय विचारूच नये ते. आजारपण. दवाखान्यात न्यावं का, शस्त्रक्रिया करावी का, गोळ्या थांबवाव्या का, यांतला एकही प्रश्न कौलाचा नाही. साप चावला असेल तर गाऱ्हाण्यात जाणारा वेळ जिवावर बेतू शकतो. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे, आणि अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याचं जगणं अवघड करणं हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. साधा कौल लावणं या कायद्यात येत नाही. पण ‘आमच्या घरावर कोणी केलं?’ असा प्रश्न घेऊन गेलात आणि कोणाचं नाव घेऊन परत आलात, तर तुम्ही त्या रस्त्याला लागलात.

लग्नाचा प्रश्नही उलट्या क्रमाने लावतात. आधी कौल, मग मुलीला सांगतात. मुलगा-मुलगी दोघांनी एकमेकांना पसंत केलं, घरांची बोलणी झाली, त्यानंतर मुहूर्त या महिन्यात धरावा का, एवढंच देवाला विचारावं. चोरीचा, संशयाचा, कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न तर मुळीच नाही. पाकळी पडून निरपराध माणसाला गावात तोंड दाखवणं अशक्य झालं तर ते कोणी भरून देणार नाही.

आणि पैशाचं. कौल हो किंवा नाही सांगतो. त्यापुढे जे जे येईल, म्हणजे ‘राखणदार नाराज आहे, कोंबडा द्यावा लागेल’, ‘पूर्वजांचं राहून गेलंय, अमुक हजारांचा विधी करा’, ‘तीन अमावस्या या’, ते सगळं माणसाचं बोलणं आहे. तुम्ही विचारलेल्या प्रश्नात ते नव्हतं, म्हणून देवाच्या उत्तरातही नाही. बहुसंख्य गुरव पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकरीत आहेत आणि नारळ-विड्यापलीकडे काही मागत नाहीत. जिथे एका कौलातून दुसऱ्या खर्चाचा कौल निघायला लागतो, तिथून ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठावं. देव रागावत नाही. राखणदारावरची श्रद्धा आणि राखणदाराच्या नावाने घाबरवणं यातला फरक गावातली जुनी माणसं बरोबर ओळखतात, त्यांना सोबत न्या.

रोजच्या निर्णयांचं विचारलंत. आज गाडीने जाऊ की ट्रेनने, ही नोकरीची मुलाखत देऊ का, मुलाला कोणत्या क्लासला घालू, यासाठी पाकळी आणि चिठ्ठी दोन्ही नकोत. दर वेळी चिठ्ठी उचलणारा माणूस हळूहळू स्वतः ठरवायचं विसरतो, आणि एखादी चिठ्ठी उलटली की देवावर रुसतो. रोजच्यासाठी संध्याकाळचा दिवा पुरतो. दिवा लावल्यावर लगेच उठू नका. एक माळ, म्हणजे 108 वेळा जे नाम घेता ते घ्या, दहा मिनिटांच्या आत होते. जप चालू असताना निर्णयाचा विचार करू नका. विचार येईल तो येऊ द्या, मणी पुढे ढकला. माळ संपल्यावर स्वतःला विचारा: हे मला हवंय ते लोभाने की भीतीने? यात कोणाचा हक्क मारला जातोय का? उद्या हे घरात सगळ्यांसमोर सांगायला मला संकोच वाटेल का? शेवटच्या प्रश्नाला पोटात जरा जरी हललं तर ते काम त्या दिवशी करू नका. रागात, उपाशी असताना किंवा रात्री उशिरा हा प्रकार करण्यात अर्थ नाही, तेव्हा जे उत्तर येतं ते भुकेचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच वाटलं तर कामाला लागा. बसून निवांत झालेल्या मनाला जे कळतं त्याला कोणी अंतरात्म्याचा आवाज म्हणेल, कोणी देवाची प्रेरणा. नाव काही द्या, वेळ दहा मिनिटांचा द्यावाच लागतो.

मोठ्या निर्णयांसाठी एक वही ठेवा. तारीख, प्रश्न शब्दशः, तुम्हाला मनातून कोणतं उत्तर हवं होतं, कौल काय आला, आणि वर्षाने काय झालं. हवं होतं ते लिहिणं महत्त्वाचं. माणूस जुळलेले कौल आयुष्यभर सांगतो आणि न जुळलेले विसरतो. वहीत दोन्ही राहतात. काही वर्षांनी चाळलीत तर कोणते प्रश्न तुम्ही खरंच मोकळ्या मनाने विचारले होते आणि कोणते आधीच ठरवून, हे अक्षरावरूनही ओळखू येतं.

शेवटचं, फोनवरच्या कौलाबद्दल, कारण धाकटा भाऊ तेच सुचवेल. मुंबईत, दुबईत असलेल्यांसाठी आता बरेच गुरव फोनवर प्रश्न ऐकून कौल लावतात आणि निकाल कळवतात. हरकत नाही. मात्र प्रश्न लेखी पाठवा, गाऱ्हाणं चालू असताना फोन चालू ठेवायला सांगा, आणि गावातला तुमचा एक माणूस तिथे उभा राहू द्या. तुमच्या घराच्या कामाला तर तिघांपैकी एकाने जाणं बरं. गवंड्याला घर दाखवायला कोणाला तरी जावंच लागणार आहे, त्याच फेरीत कौलही होईल.